लीळाचरित्रातील व्यक्तिदर्शन

मराठी गद्यातील स्वभावचित्रणाचा आरंभ बहुधा ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीपासून मोजला जातो. ही कालगणना पुनर्विचारास पात्र आहे.

बीड जिल्ह्यातील गोदातीरीचे पांचाळेश्वर हे महानुभावांचे पूज्य तीर्थ. त्याच पंथातील म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. चक्रधरांच्या सहवासातील माणसांना गाठून त्यांनी आठवणी मिळविल्या व नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. या ग्रंथात गुणवर्णनाचे स्थान गौण आहे. माणूस कळतो तो त्याच्या बोलण्यावागण्यातून. महदाइसेची जिज्ञासा तिच्या प्रश्नांतूनच प्रत्ययास येते. सांगणाऱ्यांत मतभेद आढळल्यास निरनिराळे पाठही नोंदविलेले आहेत. त्यामुळे व्यक्तीच्या स्वभावातील विसंगती पुसली जात नाही.

पंथीय ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत राहिल्याने विसाव्या शतकापर्यंत ते पंथाबाहेरील अभ्यासकांस दुर्लभ होते. आपल्या समीक्षेचे निकष या गद्याचा परिचय होण्यापूर्वीच, पाश्चात्त्य कादंबरीच्या आधाराने घडले. कादंबरीकार पात्र कल्पनेने निर्माण करतो. म्हाइंभटांनी ते साक्षीतून उभे केले. हा भेद मान्य करूनही, व्यक्तिदर्शनाच्या मराठी परंपरेचा इतिहास लीळाचरित्रापासूनच लिहिला पाहिजे.