उजव्या पायाची विद्या

आइल ऑफ मॅन बेटावरील टूरिस्ट ट्रॉफी शर्यत १९११ साली स्नेफेल पर्वताच्या अंगावरून जाणाऱ्या सुमारे साडेसदतीस मैलांच्या नव्या मार्गावर नेण्यात आली, आणि या एका तजविजीने मोटारसायकलीच्या रचनेतील एक जुना वाद कायमचा निकालात निघाला. तोवरच्या पुष्कळ इंग्रजी गाड्यांना एकच गती असे. इंजिनाची शक्ती पट्ट्यावाटे थेट मागच्या चाकाला पोचावयाची, आणि मोठा चढ लागला म्हणजे स्वाराने पॅडल मारून, नाहीतर खाली उतरून गाडीबरोबर धावत, यंत्राला हातभार लावावयाचा, असाच तेव्हाचा शिरस्ता होता. नव्या मार्गावर हा शिरस्ता टिकणे शक्य नव्हते. नावाने ‘इंडियन’ पण अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी घडलेल्या, साखळीवर चालणाऱ्या आणि दोन गती असलेल्या गाड्यांनी त्या वर्षीच्या सीनियर शर्यतीतील पहिले तिन्ही क्रमांक पटकावले, तेव्हा इंग्लंडच्या अभिमानी कारखानदारांनाही गिअर ही चैन नसून गरज आहे हे मान्य करावे लागले. मोटारसायकलीला गिअर मिळाला तो असा डोंगरामुळे. आणि गिअर मिळाला त्याच घटकेस तो चुकण्याची सोयही स्वाराला मिळाली.

आरंभीची कित्येक वर्षे गिअरचा दांडा पेट्रोलच्या टाकीच्या कडेला असे आणि तो हाताने सरकवावा लागे. सपाट रस्त्यावर त्यात विशेष अडचण नव्हती. परंतु वळणावळणाच्या चढावर, नेमका हँडलवर दोन्ही हात हवेत अशा क्षणी, एक हात सोडून दांड्याला द्यावयाचा, दुसऱ्याने गाडीचा तोल आणि क्लच दोन्ही सांभाळावयाचे, आणि दांडा मधल्याच खाचेत अडकला तर खडखडाट ऐकत पुन्हा यत्न करावयाचा, ही कसरत शर्यतीच्या वेगाला परवडण्यासारखी नव्हती. दांडा पायाकडे देऊन पाहण्याचे प्रयोग झाले, पण त्यांतही प्रत्येक गिअरचे स्थान स्वारालाच हुडकावे लागे, आणि बुटाच्या टाचेला खाचांचे ज्ञान बोटांइतके कोठून असणार? या अडचणीवर १९२८ च्या सुमारास व्हेलोसेट कंपनीच्या हॅरल्ड विलिस याने जो तोडगा काढला, तोच पुढे सर्व जगाने उचलला. त्याच्या रचनेत पायाचा दांडा एकदा दाबला वा उचलला की एकच गिअर बदलत असे, त्यापलीकडे तो जातच नसे, आणि पाय काढताच पुन्हा आपल्या मूळ जागी येऊन पुढच्या हुकुमाची वाट पाहत असे. कोणत्या गिअरचे घर कोठे आहे हे लक्षात ठेवण्याचे काम स्वाराकडून काढून यंत्राकडे सोपविले गेले. स्वाराकडे उरले ते एवढेच, की हुकूम केव्हा द्यावयाचा आणि किती पुरता द्यावयाचा.

या ‘केव्हा’ आणि ‘किती’ यांतच चुकलेल्या गिअरचे सारे रहस्य साठलेले आहे. मोटारसायकलीच्या गिअरबॉक्समध्ये दंतचक्रांच्या जोड्या सदैव परस्परांत गुंतलेल्या असतात. गिअर बदलणे म्हणजे त्यांपैकी एका जोडीला आसाशी जखडणे, आणि हे जखडण्याचे काम चक्रांच्या अंगावरील ज्या बळकट खुंट्या करतात त्यांना मेस्त्री लोक ‘डॉग’ म्हणतात. या खुंट्यांनी समोरच्या खाचांत पुरते शिरावयाचे असेल तर दोन्ही बाजूंचा फिरण्याचा वेग जवळपास सारखा असला पाहिजे. धावत्या गाडीत चढू पाहणारा माणूस आधी तिच्या बरोबरीने चार पावले धावतो, त्यातला हा प्रकार. मोटारगाड्यांत दोन्ही वेग आपोआप जुळवून देणारी सिंक्रोमेशची योजना कॅडिलॅकने १९२८ सालीच आणली. मोटारसायकलींनी मात्र हलक्या चक्रांच्या आणि खुंट्यांच्या भरवशावर सामान्यतः तिच्यावाचूनच संसार केला. वेग जुळला नाही तर खुंट्या एकमेकींवर आपटून मागे फिरतात, किंवा टोकालाच अडून राहतात, आणि गाडी दोन गिअरांच्या मध्ये, कोणाच्याच ताब्यात नाही अशा अवस्थेत धावू लागते. ‘फॉल्स न्यूट्रल’ म्हणतात ते हेच.

भारतात ही विद्या ज्या यंत्राने शिकविली ते म्हणजे रॉयल एन्फिल्डची बुलेट. मागच्या चाकाला हलणारा आधार देणारी तिची नवी बांधणी इंग्लंडात १९४८ च्या सुमारास पुढे आली आणि त्याच वर्षी इटलीतील सान रेमो येथील सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय कसोटीत तिने नाव मिळविले. पुढे भारतीय सैन्याने सरहद्दीवरील गस्तीसाठी तिची निवड केली, आणि १९५५ साली इंग्लंडातील रेडिच गावच्या मूळ कंपनीने मद्रास मोटर्सशी भागीदारी करून एन्फिल्ड इंडिया ही कंपनी मद्रासेत स्थापन केली. आरंभी इंग्लंडहून आलेले भाग जोडण्यापुरते मर्यादित असलेले हे काम हळूहळू संपूर्ण उत्पादनापर्यंत गेले. रेडिचचा मूळ कारखाना बंद पडला, इंग्लंडातील तो व्यवसायच लयाला गेला, तरी मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूर येथे तीच बुलेट, किरकोळ फेरफार वगळता, घडतच राहिली. आणि तिच्यासोबत बर्मिंगहॅमच्या अल्बियन कंपनीच्या रचनेचा तिचा चार गतींचा गिअरबॉक्सही.

त्या गिअरबॉक्सचा दांडा उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या पायाशी. पहिल्या गिअरसाठी दांडा वर उचलावयाचा, पुढच्या तिन्हींसाठी खाली दाबावयाचा. दांड्यालगतच टाचेने दाबण्याची आणखी एक लहानशी कळ असे, आणि ती ज्याने वापरली त्याला तिची थोरवी सांगावी लागत नाही: दुसऱ्या, तिसऱ्या वा चौथ्या गिअरमध्ये असताना क्लच धरून ती दाबली की गाडी एका झटक्यात न्यूट्रलमध्ये येई. फाटकापाशी, जकात नाक्यापाशी, बैलगाड्यांच्या रांगेमागे अचानक थांबावे लागले तरी एकेक गिअर उतरत बसण्याची गरज नसे. न्यूट्रल हुडकणे हे अल्बियनच्या पेटीत किती जिकिरीचे होते, हे तिच्या कर्त्यांनी त्यासाठी स्वतंत्र कळच ठेवली यावरून उघड आहे. मात्र दोषाची कबुली एवढ्या उपयुक्त रूपात देणारे कारखानदार विरळाच.

इकडे जग पालटत होते. अमेरिकेच्या सरकारने १९७४ च्या सप्टेंबरापासून मोटारसायकलीचा गिअर डाव्या पायाशी आणि ब्रेक उजव्या पायाशीच हवा असा दंडक अंमलात आणला. जपानी गाड्या आधीपासूनच त्या पद्धतीच्या होत्या. ट्रायम्फ आणि नॉर्टन यांना मात्र अमेरिकेची बाजारपेठ सांभाळण्यासाठी आपल्या जुन्या पेट्यांतून दांडा पलीकडे नेण्याचा खटाटोप करावा लागला. मद्रासला हे फर्मान लागू नव्हते. त्यामुळे जी पद्धत तिच्या जन्मभूमीत इतिहासजमा झाली ती भारताच्या रस्त्यांवर आणखी तीस-पस्तीस वर्षे नांदली.

या देशात तेव्हा गिअर बदलण्याचा एकच रिवाज होता असेही नव्हे. म्हैसूरला १९६१ पासून बनू लागलेल्या जावा गाडीत गिअरचा दांडा डावीकडे होता आणि तोच वळवून किक मारावयाची असे. शिवाय दांड्यावर पाय पडताच क्लच आपोआप सुटण्याची तजवीज असल्याने सरावलेला स्वार क्लचच्या मुठीला हातही न लावता गिअर बदली. पुण्याजवळ आकुर्डीला बनणाऱ्या बजाजच्या स्कूटरींचा गिअर तर डाव्या मुठीत, मनगटाने फिरवावयाचा. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि तिचे चारही गिअर डाव्या पायाने खाली दाबण्याचे. अशा काळात मित्राची गाडी मागून नेणाऱ्या माणसाने ऐन चौकात ब्रेक समजून गिअर आणि गिअर समजून ब्रेक दाबावा, यात नवल ते काय?

बुलेटचा अधिकार सिद्ध झाला तो लांब पल्ल्याच्या प्रवासात. खंबाटकी, कुंभार्ली किंवा आंबोली यांसारख्या घाटांत, मागे माणूस आणि दोन्ही बाजूंस सामान अशा भरल्या गाडीला, जुन्या ड्रम ब्रेकांच्या जिवावर उतरणीला लागणे धोक्याचे. ब्रेक तापून निकामी होऊ नयेत म्हणून खालच्या गिअरमध्ये इंजिनाचाच अटकाव घ्यावा लागे. नेमक्या त्याच जागी गिअर चुकला तर तो अटकाव नाहीसा होऊन गाडी मोकळी सुटे. एस. टी. च्या जुन्या बसचालकांना हा धडा वेगळ्या वाटेने मिळाला होता. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर ही सेवा सुरू झाली, आणि त्या पिढीच्या चालकांनी क्लच दोनदा दाबून, मध्ये न्यूट्रलमध्ये रेस देऊन, खालचा गिअर विनाखडखडाट टाकण्याची जी ‘डबल क्लच’ची रीत अंगी बाणविली, तिचे मर्म आणि बुलेटवाल्याच्या युक्तीचे मर्म एकच आहे: गिअर टाकण्यापूर्वी वेग जुळविणे.

ही युक्ती पुस्तकातून क्वचितच आली. ती मेस्त्र्याच्या दुकानात तोंडी मिळे. गिअर अडकतो अशी तक्रार घेऊन येणाऱ्याची पेटी जाणता मेस्त्री कधीच लागलीच उघडत नसे. प्रथम तो क्लचच्या केबलची ओढ पाही. कारण केबल सैल पडली की क्लच पुरता सुटत नाही, त्याच्या पट्ट्या एकमेकींना ओढत राहतात, आणि मग खुंट्यांना केवळ एका हलक्या आसाशी नव्हे तर जड फ्लायव्हीलसह सबंध इंजिनाशी झुंजावे लागते. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या या पट्ट्या तेलाने चिकटलेल्या असतात, म्हणून सकाळी इंजिन चालू करण्याआधी क्लच दाबून एकदोन किका माराव्यात, ही त्याची पहिली शिकवण. केबल ठीक असेल तर तो पेटीचे बाहेरचे झाकण काढी. त्याखाली दांड्याच्या हालचालीला मर्यादा घालणारी एक पट्टी दोन बोल्टांनी धरलेली असते. बोल्ट सैल करून ती पट्टी जराशी इकडे वा तिकडे सरकवावी, पुन्हा आवळावी, आणि चारही गिअर हाताने टाकून पाहावेत. पुष्कळ गाड्यांचा चुकणारा गिअर एवढ्या सूतभर सरकण्याने दुरुस्त होई. खुंट्यांच्या कडाच झिजून गोल झाल्या असतील तर मात्र इलाज नाही. तो गिअर भाराखाली सटकणारच, आणि ते चक्र बदलल्यावाचून गत्यंतर नाही.

यंत्र निर्दोष असेल तर मग उरतो स्वाराचा पाय. अल्बियनच्या पेटीत पहिल्यातून दुसऱ्यात जाताना इंजिनाकडील फिरण्याचा वेग अंदाजे तिसऱ्या हिश्श्याने आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना चौथ्या हिश्श्याने कमी व्हावा लागतो. म्हणून वरचा गिअर टाकताना दांड्यावर पायाचा हलका भार आधीच ठेवावा, रेस सोडावी, क्लच दाबावा, निमिषभर थांबावे आणि मग दांडा त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत एकाच संथ दाबाने न्यावा. अर्ध्यावर सोडलेला दांडा आणि घाईने मारलेली लाथ ही गिअर चुकण्याची दोन प्रमुख कारणे होत. दाबून झाल्यावर पाय पुरता काढून घ्यावा, नाहीतर दांडा आपल्या जागी परतत नाही आणि पुढचा हुकूम वाया जातो. खालचा गिअर टाकताना सारे उलट: क्लच दाबलेला असताना रेसची एक छोटीशी फिरकी द्यावी म्हणजे इंजिनाकडील वेग वाढतो, खुंट्या मुकाट्याने आत जातात आणि मागचे चाक घसरत नाही. एवढे करूनही गाडी दोन गिअरांच्या मध्ये अडकलीच, तर उतारावर घाबरून खालच्या गिअरसाठी धडपडू नये. ब्रेकने गाडी आवरीत प्रथम वरचा गिअर पकडावा, गाडी पुन्हा इंजिनाच्या ताब्यात आली की मग एकेक गिअर खाली उतरावा.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डाव्या पायाचा, पाच गतींचा गिअरबॉक्स बुलेटच्या घराण्यात आला. त्याच दशकाच्या अखेरीस इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असलेली नवी रचना रूढ झाली आणि उजव्या पायाची पद्धत कारखान्यातून कायमची हद्दपार झाली. नव्या पेट्या निःसंशय चांगल्या आहेत. घाईचा पाय त्या सहन करतात, अर्धवट हुकूमही बहुधा पुरा करतात, आणि ज्याला केवळ मुक्कामी पोचावयाचे आहे त्याने जुन्या पेटीसाठी हळहळण्याचे कारण नाही. परंतु ज्यांच्या अंगणात उजव्या गिअरची बुलेट अद्याप उभी आहे, त्यांनी गिअर चुकला की पेटी उघडण्याची घाई करू नये. आधी केबल पाहावी, मग ती पट्टी पाहावी, आणि त्यानंतरही दोष उरला तर आपला पाय पाहावा. पेटीचा दोष बहुतेक वेळा चौथा निघतो.