मुंबईचा पादचारी

मुंबईचा रस्ता कोणाचा, हा प्रश्न मोटारींच्या आगमनाबरोबर उद्भवला असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो त्याहून जुना आहे. 1896 सालीं मांडवींत प्लेग प्रकट झाला व पाहतां पाहतां साऱ्या शहरावर त्याची छाया पसरली. दाट वस्तींत हवा खेळत नाहीं, म्हणून रोग फैलावतो, असें त्या काळच्या सरकारचें निदान होतें. त्यांतून 1898 सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट अस्तित्वांत आला. समुद्रावरील वारा शहराच्या पोटांत शिरावा म्हणून त्यानें प्रिन्सेस स्ट्रीट काढला. गिरगांवच्या उत्तरेस सँढर्स्ट रोड आखला. आणि दादर-माटुंग्याकडे मोकळ्या जागेंत नव्या वसाहती मांडल्या. श्रोत्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, हे रुंद रस्ते प्रथमतः वाहनांसाठीं नव्हे, तर माणसाच्या फुफ्फुसांसाठीं झाले. त्यासाठीं कित्येक बिऱ्हाडें उठलीं, ही गोष्ट वेगळी.

त्या वेळीं शहर चालत होतें. 1874 सालीं घोड्यांची ट्राम आली, 1907 सालीं ती विजेवर धांवूं लागली, 1926 सालीं मोटार-बस निघाली; पण परळ-लालबागच्या गिरणीकामगाराला यांतलें कांहींच रोजच्या रोज परवडणारें नव्हतें. भोंगा झाला कीं पायीं गिरणीच्या फाटकापाशीं पोंचतां यावें, एवढ्याच हिशेबानें तो खोली शोधीत असे. गिरणगांव म्हणून जें आपण म्हणतों, तें मुळांत पावलांनीं मोजलेलें नगर होय. 1920 नंतर सरकारच्या डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें 207 चाळी उभारल्या. एकेका खोलीचें क्षेत्र सुमारें 160 चौरस फूट. अशा खोलींत राहणाऱ्या कुटुंबाला रस्ता हेंच अंगण, तोच दिवाणखाना, तेंच सभागृह. तेथें गाडी ठेवण्यासाठीं जागा राखावी, ही कल्पनाहि कोणास शिवली नसेल, आणि त्याबद्दल त्यांस दोष देणें अन्याय होईल.

गिरगांवची तऱ्हा थोडी निराळी. फणसवाडी, झावबावाडी, खोताची वाडी अशा वाड्यांचा हा प्रदेश. आंतील गल्ल्या इतक्या अरुंद कीं, समोरासमोर दोन हातगाड्या आल्या तर एकीनें मागें सरावें. या अडचणीचाच एक गुण असा कीं, वाडींत शिरणारा मनुष्य आपोआप सुरक्षित होई. वाहन बाहेर, माणूस आंत, हा नियम कोणत्याहि कायद्याशिवाय पाळला जाई. केशवजी नाईकांच्या चाळींत 1893 सालीं सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तो अशाच अंगणवजा जागेंत. पुढें घरोघरीं स्कूटर व मोटार आली आणि मुंबईकरानें ती सहजगत्या फूटपाथच्या कडेला, मग फूटपाथवर, उभी केली. प्लेगच्या भयानें मोकळी केलेली रुंदी अशा रीतीनें उभ्या गाड्यांस जवळजवळ फुकट मिळाली. शंभर चौरस फुटांच्या खोलीसाठीं आयुष्याची पुंजी मोजणाऱ्या शहरांत तेवढीच जागा एका निश्चल मोटारीस विनासायास मिळावी, याचें नवल आम्हांस अजून वाटत नाहीं, हेंच नवल!

1962 सालीं कोपनहेगन नगरानें आपली मुख्य बाजारपेठ, स्ट्रॉयट नांवाचा रस्ता, मोटारींस बंद केला. आतां ग्राहक येणार नाहींत अशी दुकानदारांची ओरड झाली. प्रत्यक्षांत माणसांची वर्दळ वाढली. मुंबईनें जवळपास त्याच सुमारास, 31 मार्च 1964 रोजीं, आपली शेवटची ट्राम बंद केली. पुढें उड्डाणपूल झाले. लालबागचा 2011 सालीं झाला. त्यावर पादचाऱ्यास मज्जाव, आणि त्याच्या छायेंतला रस्ता ओलांडणें हें एक साहसच. 2008 सालापासून पादचाऱ्यांसाठीं उंच स्कायवॉक बांधले गेले. परंतु भाजीची पिशवी घेऊन दोन जिने चढण्यापेक्षां लोक खालींच फेरीवाल्यांमधून वाट काढतात, यांत त्यांचा हट्ट नाहीं, शहाणपण आहे. आणि फेरीवाल्यासच काय तो अडथळा मानावें, हेंहि मला पटत नाहीं. तो निदान ग्राहक जेथें चालतो तेथें बसतो.

1982 च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले. त्या जमिनींवर कचेऱ्यांचे मनोरे चढले. कामगार गेला, त्याच्या जागीं लांबून आगगाडीनें येणारा कारकून आला. पण परळ व एल्फिन्स्टन रोड या स्थानकांमधला पादचारी पूल गिरणींच्या काळचा, तेवढाच अरुंद राहिला. 29 सप्टेंबर 2017 रोजीं सकाळीं, पावसाच्या सरींत, त्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन 23 माणसें मृत्युमुखीं पडलीं. तीं सारीं पायीं चालणारीं होतीं. पुढें सैन्यास पाचारण करण्यांत आलें व फेब्रुवारी 2018 मध्यें नवा पूल खुला झाला. म्हणजे इच्छा असल्यास जें पांच महिन्यांत होऊं शकत होतें, तें वर्षानुवर्षें राहून गेलें होतें.

मोटारींची सोय मात्र याआधींच सरकारनें विचारांत घेतली होती. बांधकाम करणारांनीं सार्वजनिक वाहनतळ बांधून महापालिकेच्या स्वाधीन करावा व मोबदल्यांत अधिक चटईक्षेत्र घ्यावें, अशी ती योजना. तळ तयार झाले, तरी गाड्या रस्त्यावरच. कारण रस्ता फुकट व तळ पैशाचा. जुलै 2019 मध्यें महापालिकेनें अशा तळांच्या आसपास रस्त्यावर गाडी ठेवणारास हजारों रुपयांचा दंड ठरविला, तेव्हां मोठी ओरड झाली. मला तो उपाय कठोर वाटला तरी दिशा योग्य वाटली. दादरास जुन्या कोहिनूर गिरणीच्या जागेवरील उत्तुंग इमारतींत असाच एक तळ आहे. दिवाळीच्या खरेदीस आलेला गृहस्थ तेथें गाडी ठेवतो, खालीं उतरतो, आणि रानडे रस्त्याकडे, कंदिलांच्या दुकानांमधून, पायींच निघतो.