कोयनेचं पाणी आणि कॅन्ससचा खटला

पुण्याहून येताना कोयनेचा पूल ओलांडून कराड मागे टाकलं की मलकापूर लागतं. चोवीस तास पाणी आणि मीटरप्रमाणे बिल यांमुळे या गावाचं नाव झालं. पण पुलाखालून किती पाणी वाहायचं, यात पावसाइतकाच एका निवाड्याचाही हात आहे. वर धरणात अडवलेलं कोयनेचं पुष्कळसं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या वीजघरात कोसळतं आणि वासिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. कृष्णा खोरं त्याला कायमचं मुकतं. सातारा-सांगलीच्या पाण्याचा इतिहास आपण धरणं आणि इंजिनिअर यांच्या नावाने सांगतो. त्याचा निम्मा भाग कोर्टात घडला, आणि तिथे कामी आलेला विचार इंग्लंडचा नव्हता, कोरड्या पश्चिम अमेरिकेचा होता.

इंग्रजी कायदा पाऊसपाण्याच्या देशातला. नदीकाठच्या जमीनमालकाने पाणी वाजवी वापरावं, खालच्याचा प्रवाह तोडू नये, हे त्याचं सार. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात ते आपल्याकडेही आलं. या मापाने खोऱ्याबाहेर पाणी नेणं म्हणजे आगळीकच. मात्र आर्कान्सा नदीवरून कॅन्ससने कोलोरॅडोला कोर्टात खेचलं, तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०७ साली एका राज्याचा नियम दुसऱ्यावर लादायला नकार दिला आणि दोघांचा लाभ-तोटा तोलला. कॅन्सस हरलं, पण न्याय्य वाटपाचं तत्त्व टिकलं. सिंधने पंजाबविरुद्ध तक्रार केली, तेव्हा बी. एन. राव यांच्या आयोगाने १९४२ मध्ये तेच उचललं.

परदेशी निकाल आपल्यावर बंधनकारक नाहीत, मग त्यांचं एवढं कौतुक कशाला, असं कुणी म्हणेल. बंधनकारक नाहीत, हे खरंच. पण १९५६ चा आंतरराज्य पाणीतंटा कायदा लवाद नेमायला सांगतो. वाटप कोणत्या तत्त्वावर करायचं, हे सांगत नाही. ती पोकळी कुठून तरी भरणं भागच होतं. कृष्णेच्या पाण्यासाठी १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७३ च्या निवाड्यात खोऱ्याबाहेर पाणी नेणं मुळातच बेकायदा मानलं नाही. कोयनेतून पश्चिमेकडे सोडायच्या पाण्याला अखेर ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा तेवढी घातली. हे तत्त्व महाराष्ट्राच्या सोयीचं म्हणून गोड लागतं, असाही आक्षेप घेता येईल. आकडे वेगळं सांगतात. कृष्णेच्या २,०६० टीएमसीतले आंध्रला ८००, कर्नाटकला ७०० आणि नदीचं उगमस्थान असलेल्या महाराष्ट्राला ५६०. खालच्या भागातला जुना वापर राखायचा, हीसुद्धा याच तत्त्वाची दुसरी बाजू. ती आपल्याला महागात पडली.

या तत्त्वाची खरी उणीव निराळीच आहे. टंचाईच्या भांडणातून जन्मलेल्या या विचाराला पुराचं ओझं वाटता येत नाही. २००५ आणि २०१९ साली सांगली बुडाली, तेव्हा वाद कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीवर गेला, आणि टीएमसीच्या वाट्यांनी त्याचं उत्तर मिळेना. कृष्णेसाठीच नेमलेल्या दुसऱ्या, ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये अलमट्टीला ५२४.२५६ मीटरपर्यंत पाणी साठवायची मुभा दिली. त्याचा निवाडा राजपत्रात छापण्याला सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मनाई केली.