इस्राएलचे पर्यावरण खाते काय काम करते?

इस्राएल सरकारचे स्वतंत्र पर्यावरण खाते १९८८ साली स्थापन झाले. रॉनी मिलो हे त्याचे पहिले मंत्री. मुख्य कचेरी जेरुसलेमला आहे. हिब्रूत या खात्याला 'हामिसराद लेहगानात हास्विवा' म्हणतात.

कारखान्यांचा धूर व विषारी पदार्थ यांवर नजर ठेवणे आणि समुद्रात घाण जाऊ न देणे ही त्याची मोठी कामे. २००८ चा स्वच्छ हवा कायदा हेच खाते राबवते. मोठ्या कारखान्यांना त्याखाली परवाना घ्यावा लागतो.

आपल्या रोजच्या बाजारहाटातही हे खाते दिसते. २०१७ पासून मोठ्या सुपरमार्केटात प्लास्टिकच्या पिशवीला १० अगोरा पडतात. पाणी-सरबताची रिकामी बाटली परत दिली, की ३० अगोरा पिकादोन मिळतो. दुधाच्या बाटलीला तो नाही.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. रस्त्यावरचा कचरा हे इरियाचे काम, त्यासाठी १०६ लावा. कारखान्याचा धूर किंवा रसायनाचा उग्र वास आला, तर खात्याचा *६९११ लावा. आग दिसली तर आधी १०२.

दमेकरी आणि वयस्कर माणसांना अशा हवेचा त्रास लवकर होतो. म्हणून "दुसरं कोणी कळवेल" असे म्हणत बसू नये. खिडक्या लावून घ्या, जागा आणि वेळ लिहून ठेवा आणि लगेच फोन करा.