औषधांच्या दुष्परिणामांची नोंद : संशयही पुरेसा

औषध किंवा आहारपूरक घेतल्यानंतर उद्भवणाऱ्या अपायांवर लक्ष ठेवणे, त्यांची नोंद करणे आणि त्या नोंदींच्या आधारे उपाययोजना सुचवणे, या कार्याला औषध दक्षता अर्थात फार्माकोव्हिजिलन्स असे म्हणतात. नवे औषध बाजारात येण्यापूर्वी त्याच्या चाचण्या होतात. मात्र त्यांत सहभागी होणाऱ्यांची संख्या मर्यादित असते. गर्भवती, अतिवृद्ध किंवा एकाच वेळी अनेक औषधे घेणारे रुग्ण त्यांत क्वचितच असतात. त्यामुळे काही हजारांत एखाद्याला होणारा अपाय औषध सर्वत्र वापरात आल्यावरच उघडकीस येतो.

थॅलिडोमाइड या औषधामुळे अपंग बालके जन्माला येत असल्याचे १९६१ मध्ये स्पष्ट झाले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय औषध देखरेख कार्यक्रम सुरू केला. भारत १९९८ मध्ये त्यात सहभागी झाला.

मुंबई आणि नागपूर

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या प्रारंभी ग्लिसरॉल दिलेल्या १४ रुग्णांचा मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू झाला. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन आढळले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषध खरेदी आणि औषध प्रशासन या दोहोंतील गंभीर त्रुटींवर कठोर ताशेरे ओढले.

सुमारे चार दशकांनंतर तेच रसायन पुन्हा जीवघेणे ठरले. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातील वीसहून अधिक बालके ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधामुळे दगावली. त्यांपैकी अनेकांवर नागपुरात उपचार सुरू होते. हे औषध तमिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात तयार झाले होते. तेथील औषध नियंत्रण विभागाच्या तपासणीत एसआर-१३ या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. अनुज्ञेय मर्यादा ०.१ टक्का आहे.

काटेकोर अर्थाने ही दोन्ही प्रकरणे औषधाच्या दुष्परिणामाची नसून दूषित औषधाची आहेत. परंतु औषधाचा गुण असो वा त्यातील भेसळ, धोक्याची पहिली खूण रुग्णाच्या शरीरावरच उमटते. एका रुग्णाबाबत अपवाद वाटणारी घटना अनेक ठिकाणच्या नोंदी एकत्र आल्यावर धोक्याची सूचना ठरते.

देशातील यंत्रणा

राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रम २००५ मध्ये सुरू झाला, तेव्हा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाकडे एका विभागीय केंद्राची जबाबदारी होती. विद्यमान कार्यक्रमाचा प्रारंभ जुलै २०१० मध्ये झाला. एप्रिल २०११ पासून त्याचे समन्वय केंद्र गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. वैद्यकीय महाविद्यालये व रुग्णालयांतील देखरेख केंद्रांकडून आलेल्या नोंदी तेथे तपासल्या जातात आणि स्वीडनमधील उप्साला येथील जागतिक संग्रहातही समाविष्ट होतात.

या नोंदींचा प्रत्यक्ष उपयोग होतो. मासिक पाळीतील वेदनांवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडमुळे ‘ड्रेस सिंड्रोम’ हा गंभीर विकार होऊ शकतो, असा इशारा कमिशनने २०२३ च्या अखेरीस दिला. ताप, पुरळ आणि यकृतासारख्या अवयवांना इजा ही त्याची लक्षणे होत.

नोंद कशी करावी

डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते आणि स्वतः रुग्णही नोंद करू शकतात. १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक त्यासाठी आहे. रुग्णांसाठीचा अर्ज मराठी, तमिळ यांसह अनेक भारतीय भाषांत असल्याने नागपूर असो वा कुंभकोणम, भाषेची अडचण येऊ नये. अपाय त्या औषधामुळेच झाला, हे सिद्ध करण्याची आवश्यकता नाही. रुग्ण, नोंद करणारी व्यक्ती, संशयित औषध आणि झालेला अपाय, या चार बाबींची माहिती पुरेशी असते. रुग्णाची ओळख गोपनीय राहते आणि नोंद केल्याने कोणावरही दोष सिद्ध होत नाही.

औषधाची मात्रा, ते सुरू व बंद केल्याच्या तारखा आणि बॅच क्रमांक देणे उपयुक्त ठरते. म्हणून त्रास झाल्यास बाटली किंवा वेष्टन फेकून देऊ नये. घेत असलेले अन्य औषध, काढा वा चूर्ण यांचाही उल्लेख करावा.

आहारपूरकांची स्थिती वेगळी आहे. भारतात कायद्याने ती अन्नपदार्थांत मोडतात. त्यासंबंधीचे नियम २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले असून, वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ या अर्थाची सूचना छापणे बंधनकारक आहे. अमेरिकेत २००६ च्या कायद्यानुसार आहारपूरकांमुळे झालेल्या गंभीर अपायांची माहिती मिळाल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत ती औषध प्रशासनाला कळवणे कंपन्यांवर बंधनकारक आहे.

दुकानातून चिठ्ठीविना मिळणारी वस्तू निर्धोक असतेच असे नाही. प्रथिनांची भुकटी किंवा वजन घटवणाऱ्या गोळ्या घेत असल्यास डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. अन्यथा अपायाचे खरे कारण नोंदीपर्यंत पोहोचतच नाही.