हर्पीस मेंदूज्वर : एमआरआय कशासाठी काढतात?

हर्पीस मेंदूज्वर म्हणजे हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूमुळे मेंदूला येणारी सूज. आजार दुर्मिळ आहे. वर्षाला दर दहा लाख लोकांमागे साधारण २ ते ४ जणांना तो होतो. ओठांवर फोड आणणारा एचएसव्ही-१ हाच विषाणू मोठ्या माणसांत बहुतेक वेळा याला कारण असतो. पण औषध वेळेवर मिळालं नाही, तर दहापैकी सुमारे सात रुग्ण दगावतात.

लक्षणं

ताप आणि डोकेदुखीने सुरुवात होते. मग माणूस असंबद्ध बोलतो, घरच्यांची नावं विसरतो, फिट येते, शुद्ध हरपते. अशा वेळी घरात कुणी म्हणतं डोक्यावर परिणाम झाला, कुणी म्हणतं असर झाला. यात दोन-तीन दिवस निघून जातात, आणि नेमके तेच दिवस मोलाचे असतात.

सीटी की एमआरआय?

सीटी स्कॅन लवकर होतो आणि बहुतेक ठिकाणी मिळतो. रक्तस्राव किंवा मोठी गाठ त्यात कळते. मात्र या आजारात पहिले काही दिवस सीटी नॉर्मल येऊ शकतो. म्हणून ‘सीटी नॉर्मल, म्हणजे काही नाही’ असं समजू नये.

एमआरआयमध्ये सूज लवकर दिसते. कानाच्या वर, आतल्या बाजूला असलेला टेम्पोरल भाग पांढरा चमकतो. बऱ्याचदा एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. स्मरण आणि भाषेचं काम याच भागात चालतं, म्हणून लक्षणंही तशीच असतात. जपानी मेंदूज्वरात मात्र मेंदूच्या खोल भागातला थॅलॅमस सुजतो. या फरकावरून डॉक्टरांना दिशा मिळते.

तरी फोटोत विषाणू दिसत नाही, त्याने केलेलं नुकसान दिसतं. खात्रीसाठी पाठीतलं पाणी काढून पीसीआर तपासणी करतात. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली घालतात, त्यामुळे ‘पाय जातील’ ही भीती धरू नये. अगदी सुरुवातीला पीसीआरही निगेटिव्ह येऊ शकते. संशय कायम असेल तर ती पुन्हा करतात.

उपचार

संशय आला की रिपोर्टची वाट न पाहता अ‍ॅसायक्लोव्हिर शिरेतून सुरू करतात. ते दर आठ तासांनी, १४ ते २१ दिवस चालतं. ताप उतरला म्हणून रुग्णाला मध्येच घरी नेऊ नये.

घरच्यांनी काय करावं?

तापासोबत वागणं बदललं किंवा फिट आली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावं. ताप कधी आला, बोलणं कधी बदललं, हे डॉक्टरांना नीट सांगावं. अंगात पेसमेकर किंवा धातूची पट्टी असेल तर एमआरआयआधी कळवावं. जवळ एमआरआय नसेल, तर औषध इथेच सुरू करून पुढे पाठवता येईल का, हे जरूर विचारावं.