दुखोबोरांची मुखोद्गत रशियन
रशियातून कॅनडात गेलेल्या दुखोबोर पंथीयांनी आपली भाषा प्रामुख्याने पाठांतराच्या बळावर राखली, आणि तिच्या आजच्या अवस्थेचा उलगडाही बऱ्याच अंशी त्या पाठांतरातूनच होतो. पुरोहित, धर्मप्रतिमा आणि लष्करी सेवा नाकारणाऱ्या या शेतकऱ्यांनी 1895 मध्ये कॉकेशसपलीकडील प्रदेशात स्वतःजवळची शस्त्रे जाळली. त्यानंतर झालेल्या छळामुळे 1899 मध्ये सुमारे साडेसात हजार जणांनी कॅनडा गाठला, आणि त्यांच्या स्थलांतरासाठी लिओ टॉलस्टॉय यांनी आपल्या ‘रिसरेक्शन’ कादंबरीचे उत्पन्न दिले.

ज्याला ते ‘जिवंत ग्रंथ’ म्हणत, तो माणसांच्या स्मरणात नांदणारा स्तोत्रसंग्रह होता. व्लादिमिर बोंच-ब्रुयेविच यांनी तो ऐकून उतरवून घेतला आणि 1909 मध्ये छापला. तरी स्तोत्रे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून मुलांपर्यंत तोंडीच जात राहिली. प्रार्थनासभेत भाकरी, मीठ आणि पाण्याचा घडा ठेवलेल्या मेजाच्या एका बाजूस पुरुष, तर दुसऱ्या बाजूस स्त्रिया उभ्या राहतात आणि एकेक जण आपले स्तोत्र म्हणतो. पुढे सामूहिक गायनात एकेक अक्षर इतके लांबवले जाते की शब्द ओळखणेही कठीण व्हावे.

या व्यवस्थेला शाळेची गरज नव्हती, आणि इंग्रजी शाळेकडे अनेक कुटुंबांनी दीर्घकाळ संशयानेच पाहिले. तो संशय निराधार नव्हता. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या शासनाने 1953 ते 1959 या काळात ‘स्वातंत्र्यपुत्र’ या कडव्या गटातील सुमारे दोनशे मुले आईवडिलांपासून तोडून न्यू डेन्व्हर येथील वसतिगृहात ठेवली, जिथे भेटीला आलेल्या पालकांना तारेच्या कुंपणापलीकडूनच मुलांशी बोलावे लागे; या अन्यायाबद्दल प्रांताने औपचारिक क्षमा मागितली ती थेट 2024 मध्ये.

तथापि, भाषेची पीछेहाट केवळ सक्तीने झाली असे मानणे अपुरे ठरेल. सामूहिक मालकीची गावे मोडली, तरुण मजुरीसाठी बाहेर पडले, पंथाबाहेर विवाह होऊ लागले, आणि शेतात, स्वयंपाकघरात, भांडणात वापरली जाणारी रशियन, जिला दक्षिण रशियातील बोलींचे वळण होते, हळूहळू मागे पडली. पाठ केलेले तेवढे टिकले, कारण त्याला सभेत ठरलेली जागा होती. रोजच्या बोलण्याला तशी जागा उरली नाही. त्यामुळे स्तोत्र अचूक म्हणणारी, पण रशियनमध्ये साधा संवाद न करू शकणारी पिढी घडली, आणि तिच्यासाठी गीतांचे रशियन शब्द रोमन लिपीत लिहून देण्याची वेळ आली.